अंगावर येणारा बचाव आणि चकव्याचे रन (कॉलेज फुटबॉल)

मक्याचं_रान

दरवर्षी ऑगस्टअखेर अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा धागा निघतो आणि दुसऱ्याच आठवड्यात "आमचा क्वार्टरबॅक (चेंडू घेऊन डाव चालवणारा) भिकार आहे" या मुक्कामी पोचतो. यंदा एकच विषय धरून बोलूया का? समोरचा बचाव अंगावर धावून येणारा आहे. स्नॅप झाला रे झाला, म्हणजे चेंडू मागे दिला गेला, की पुढच्या फळीतले लाइनमन आरपार घुसतात, त्यांच्या मागचे लाइनबॅकर पहिल्या हालचालीवर तुटून पडतात. अशांना फसवणारे रन, म्हणजे चेंडू हातात घेऊन धावायचे खेळ, कोणते, आणि ते का चालतात?

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे भांडायला सोपं. हे रन समोरच्याच्या मूर्खपणावर नाही, त्याच्या शिस्तीवर चालतात.

लाइनबॅकर पहिल्या क्षणी चेंडू बघत नाही. त्याला एक खूण नेमून दिलेली असते, बहुतेक वेळा समोरचा गार्ड. गार्ड सरळ अंगावर आला तर रन इथेच. गार्ड मागे सरकला तर पास. गार्ड रांगेतून निघून आडवा पळाला तर त्याच्या मागे सुटायचं, चेंडू तिकडेच जाणार. हे इतकं घोटून घेतलेलं असतं की विचार करायचा प्रश्नच येत नाही. आक्रमक बचावात तर ही खूण दिसल्यावर अर्धं पाऊलसुद्धा थांबायचं नसतं. मग ऑफेन्सने, म्हणजे चेंडूवाल्या संघाने, खोटी खूण दाखवली की जो सगळ्यात चपळ तोच सगळ्यात लांब जातो. ढिल्या, उशिरा हलणाऱ्या लाइनबॅकरला हूल द्यायला जावं तर तो जागचा हलतच नाही, आणि खऱ्या रनच्या वाटेत आयता उभा सापडतो!

आता माझं आवडतं उदाहरण. १ जानेवारी १९९५, ऑरेंज बोल (बोल म्हणजे मोसमाअखेरचा मोठा सामना), नेब्रास्का विरुद्ध मायामी. सामना मायामीच्याच घरच्या मैदानावर. मायामीकडे वॉरन सॅप, मागे रे लुईस. चार जणांची फळी, प्रत्येकाने आपल्या एका फटीतून सरळ घुसायचं, थांबून वाचत बसायचं नाही. तीन क्वार्टर हे लोक नेब्रास्काच्या मागच्या अंगणातच राहायला आले होते. चौथ्या क्वार्टरमध्ये मायामी १७–९ ने पुढे. नेब्रास्काचा कोच टॉम ऑस्बर्नने क्वार्टरबॅक टॉमी फ्रेझरला परत मैदानात आणलं आणि मग कोरी श्लेसिंगर नावाच्या फुलबॅकने (क्वार्टरबॅकच्या मागे उभा राहणारा दणकट धावणारा) दोनदा, आधी १५ यार्डांवरून आणि मग १४ यार्डांवरून, सरळ मधून धावत जाऊन टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार, सहा गुण) केले. दोन्ही ट्रॅप. निकाल २४–१७, आणि ऑस्बर्नचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद. तोवर त्याला मुख्य कोच होऊन वीस वर्षं उलटून गेली होती.

ट्रॅप म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: घुसणाऱ्या डिफेन्सिव्ह टॅकलला मुद्दाम कोणी अडवायचंच नाही. त्याला वाटतं वाट मोकळी आहे. तो सुसाट आत येतो, आणि पलीकडच्या बाजूचा गार्ड आडवा धावत येऊन त्याच्या बरगडीत बसतो. चेंडू घेतलेला फुलबॅक त्यानेच रिकाम्या केलेल्या जागेतून निघून जातो. टॅकल जितका वेगात येईल तितकं भोक मोठं.

तर बोला.

अनघा_के

वाचतेय. नवरा दर शनिवारी बघतो म्हणून मीही बघते, पण मला अजून चेंडू कोणाकडे आहे तेच कळत नाही. एक बाळबोध प्रश्न: पुढे जाऊन अडवणाऱ्यांची एवढी वर्णनं आहेत, पण गार्ड, टॅकल ही माणसं कुठे उभी असतात?

मक्याचं_रान

@अनघा, चेंडू स्नॅप करतो तो सेंटर, मधोमध. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक गार्ड, त्यांच्या बाहेर एकेक टॅकल. हे पाच जण ऑफेन्सची लाइन. घोळ असा की बचावातही 'टॅकल' आहेत, ते समोर उभे असतात. मी वर 'डिफेन्सिव्ह टॅकल' लिहिलंय ते त्यांच्याबद्दल. चेंडू कोणाकडे आहे ते न कळणं ही तर या धाग्याची प्रेक्षक म्हणून सर्वोत्तम पात्रता आहे. मायामीलाही कळलं नव्हतं.

रिकामटेकडा_७

मका, कथा छान रंगवली आहेस पण सोयीची निवडली आहेस.

१ जानेवारी १९९२. तेच मैदान, तोच ऑस्बर्न, तीच मायामी. निकाल मायामी २२, नेब्रास्का ०. शून्य! त्याआधी १९८९ च्या ऑरेंज बोलमध्ये २३–३. ट्रॅप तेव्हाही होता, काउंटर (एकीकडे दाखवून दुसरीकडे धावणं) तेव्हाही होता, ऑप्शन तर होताच होता. मग तुझी हूल तेव्हा कुठे गेली होती? त्या काळात फ्लोरिडाच्या वेगवान संघांसमोर नेब्रास्काचं बोल सामन्यांत काय व्हायचं ते सगळ्यांना माहीत आहे.

१९९५ ला फरक पडला तो दमसासाचा. मायामीची पुढची फळी चौथ्या क्वार्टरमध्ये कंबरेवर हात ठेवून उभी होती. नेब्रास्काने १९६९ सालीच बॉइड एप्ली नावाचा माणूस फक्त वजनं उचलून घ्यायला नेमला होता, इतर कॉलेजांना ती अक्कल यायला बरीच वर्षं गेली. झॅक विगर्टने त्या मोसमात सर्वोत्तम लाइनमनची आउटलंड ट्रॉफी घेतली होती. असल्या बैलांनी तीन क्वार्टर ढकलल्यावर चौथ्यात कुठलाही रन चालतो. ट्रॅप होता म्हणून चालला असं म्हणणं म्हणजे शेवटच्या घासाने पोट भरलं म्हणण्यासारखं आहे.

बंड्या_बोस्टन

रिकामटेकडा, +१. आणि शेवटच्या घासावर +२.

मक्याचं_रान

@रिकामटेकडा, दमले होते हे मान्यच, कोणीही ते नाकारत नाही. पण दमलेल्या फळीसमोर ऑस्बर्नने सरळ ढकलाढकलीचा रन का नाही दिला? त्याच्याकडे लॉरेन्स फिलिप्स होता, त्या वर्षीचा त्याचा मुख्य धावणारा. तरी दोन्ही वेळा चेंडू फुलबॅकला, आणि तोही ट्रॅपवर.

मला त्याचं कारण फ्रेझर वाटतो. मधल्या काळात खेळत होता ब्रूक बेरिंजर, तो पास चांगला द्यायचा. फ्रेझर आला की लाइनबॅकरच्या डोक्यात पहिला विचार येतो तो ऑप्शनचा, म्हणजे फ्रेझर कडेला पळणार, तिथून स्वतः आत वळणार किंवा बाहेरच्या बॅककडे, म्हणजे मागून धावणाऱ्याकडे, चेंडू टाकणार. वेगवान लाइनबॅकरची जातच अशी की कडेचा धोका दिसला की पाय तिकडे वळतात. मधली जागा अशी रिकामी झाली. दमलेला लाइनमन तर आणखीच सोपं गिऱ्हाईक, कारण थकल्यावर माणूस वाचायचं सोडतो आणि नुसता घुसतो. म्हणजे दमसास आणि ट्रॅप या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच.

१९९२ ला ते सामनाभर मागेच होते. मागे पडलेल्या संघाला फुलबॅकच्या हातात चेंडू देऊन चार-चार यार्ड मोजायला परवडत नाही, आणि हे समोरच्यालाही माहीत असतं.

रिकामटेकडा_७

१९९५ लाही १०–० आणि मग १७–७ ने मागेच होते की.

मक्याचं_रान

१७–७ म्हणजे सामना हातात आहे. आणि सेफ्टीमुळे (समोरच्याला त्याच्याच शेवटच्या पट्टीत पाडल्याचे दोन गुण) ते १७–९ झालं, म्हणजे एक टचडाउन आणि दोन गुणांचा प्रयत्न एवढ्यावर बरोबरी. झालंही तेच.

रिकामटेकडा_७

वकील व्हायला हवा होतास.

डेटनचा_दादा

उशिरा आलो. इथल्या एका शाळेच्या संघाला मदत करतो, सहायकाचाही सहायक म्हणा. तेव्हा थोडं तांत्रिक चालवून घ्या.

मकाने एक गोष्ट घाईत गुंडाळली. "लाइनबॅकर गार्ड बघतो" हे खरं, पण मग काउंटर कसा चालतो? काउंटरमध्ये गार्ड तर खरं बोलतो!

डावीकडचा काउंटर घ्या. डावे लाइनमन सगळे उजवीकडे दाबतात. बॅकही उजवीकडे एक-दोन पावलं टाकतो. त्याच वेळी उजवीकडचे गार्ड आणि टॅकल रांगेमागून डावीकडे धावत सुटतात. गार्ड डावीकडच्या शेवटच्या माणसाला बाहेर ढकलतो, मागून येणारा टॅकल त्या भोकातून आत शिरतो आणि लाइनबॅकर शोधतो. बॅक वळून त्याच्या पाठीमागे. म्हणजे ज्याने फक्त गार्ड बघितला तो बरोबर ठिकाणी पोचतो. फसतो तो बॅककडे बघणारा. आक्रमक लाइनबॅकर गार्ड बघायला शिकलेला असला तरी चेंडूचा मोह सुटत नाही, कोपऱ्यातून बॅक दिसतोच, आणि त्याचं ते एक चुकीचं पाऊल पुरतं. ऑफेन्सला मैदानभर फसवणूक नकोच असते, एका माणसाचं एक पाऊल हवं असतं.

हा गार्ड-टॅकलचा काउंटर नेब्रास्काचीच देणगी. जो गिब्जच्या वॉशिंग्टन संघाने ऐंशीच्या दशकात त्याच जोरावर दुकान चालवलं, आणि तो नेब्रास्काच्या फिल्म बघून उचलला हे त्यांनी कधी लपवलं नाही. व्यावसायिक लीगने कॉलेजकडून घेतलं, एरवी उलटं सांगतात.

आता जे खरोखर गार्ड बघतात त्यांचं काय करायचं? त्यांच्यासाठी हल्ली 'बॅश' आहे. गार्ड आणि टॅकल डावीकडे धावतात, पण बॅक चेंडूसाठी उजवीकडे कडेला पळतो. क्वार्टरबॅक चेंडू त्याच्या पोटात धरून एका न अडवलेल्या बचावपटूकडे बघतो. तो बॅकच्या मागे गेला तर क्वार्टरबॅक चेंडू ओढून घेतो आणि गार्ड-टॅकलच्या मागून स्वतः धावतो. तो आत राहिला तर बॅकला सोडून देतो. इथे गार्डही खरा आणि बॅकही खरा. खोटं कोणीच बोलत नाही, तरी लाइनबॅकरला चूक करावीच लागते, कारण त्याला दोन खरी उत्तरं एकदम दिलेली आहेत. माझ्या मते गेल्या पंधरा-वीस वर्षांतला हा सगळ्यात क्रूर शोध आहे. अर्थात त्यासाठी धावणारा क्वार्टरबॅक लागतो. आमच्याकडचा दगड आहे, गोड पोरगा आहे पण दगड.

सौदामिनी

शाळेत असताना जिल्ह्यापर्यंत खो-खो खेळले आहे, तर दोन पैसे माझेही. धावणारी हूल देते ती पाठलाग करणारीच्या खांद्याकडे बघून. चेसरचा खांदा एकदा वळला की तिला त्याच दिशेने जायचं बंधन, नियमच आहे तो. इथे नियम नाही पण सवय आहे, काम तेच. आणि नवीन, बावळट चेसरला हूल देणं खरंच अवघड असतं, कारण ती कुठेच नीट निघत नाही. मकाचं पहिलं म्हणणं मला म्हणून पटलं.

मक्याचं_रान

@सौदामिनी, चेसरच्या खांद्याचं हे डोक्यातच आलं नव्हतं. मस्त.

निळं_पिवळं

मिशिगनवाला हजर. ११ नोव्हेंबर २०२३, पेन स्टेटच्या घरी जाऊन आम्ही सलग ३२ रन दिले. दुसऱ्या अर्धात नोंदीला एकही पास नाही. आमचा कोच हार्बॉ निलंबित, शेरोन मूर हंगामी कोच, निकाल २४–१५. पेन स्टेटचा बचाव म्हणजे तुमच्या व्याख्येत अगदी बसणारा, कडेचे दोन्ही लोक गोळीसारखे सुटणारे. कुठली हूल नि काय, ढकलत गेलो!

डेटनचा_दादा

@निळं_पिवळं, अभिनंदन, तीन वर्षं ऐकतोय.

पण ते उदाहरण कामाचं आहे, कारण आपण 'आक्रमक' हा एकच शब्द दोन वेगळ्या जातींना वापरतोय.

एक जात म्हणजे क्वार्टरबॅकच्या मागे लागणारे. कडेचे लोक वरच्या अंगाने, लाइनच्या मागे तीन-चार यार्ड खोल जातात. यांच्यासाठी ट्रॅप आणि ड्रॉ (पासचा देखावा करून मग धावणं). किंवा तुम्ही केलंत तसं, पास द्यायला मागे जायचंच नाही. ज्याचा सगळा धाक क्वार्टरबॅकला गाठण्यात आहे त्याच्यासमोर क्वार्टरबॅक उभाच केला नाही, तर त्याचा वेग बिनकामाचा. फसवणूक नाही, पण समोरच्याच्या ताकदीला काम न देणं हा त्याच घरातला विचार आहे.

दुसरी जात रनवर तुटून पडणारे. यांचे लाइनबॅकर आणि सेफ्टी (इथे अर्थ सगळ्यात मागचे बचावपटू) खाली धावत येतात, चेंडूच्या बाजूला गर्दी करतात. यांच्यासाठी काउंटर, रिव्हर्स (एकाच्या हातातून उलट दिशेने धावणाऱ्याच्या हातात चेंडू), बॅश, आणि पासमध्ये बूटलेग (रन दाखवून क्वार्टरबॅकने उलट कडेला जाणं).

उलटापालट केली तर मार खाता. क्वार्टरबॅकच्या मागे खोल घुसणाऱ्या लाइनसमोर हळू शिजणारा रिव्हर्स दिला तर चेंडू पहिल्या हातातून दुसऱ्या हातात जायच्या आत आठ यार्ड मागे पाडतात. चकव्याच्या रनची ही खरी किंमत आहे आणि धाग्यात अजून कोणी ती बोललं नाही. त्याला वेळ लागतो. गार्ड रांगेतून निघाला की त्याची मूळ जागा रिकामी. तिथून कोणी सुटून आला तर बॅकने वळायच्या आधीच त्याचा निकाल लागतो.

निळं_पिवळं

तीन वर्षं नाही, तिसरं चालू आहे.

बाय द वे, पंखवाल्या हेल्मेटचा विषय कोणी काढला नाही म्हणून मीच काढतो. डेलावेअर कॉलेजचं हेल्मेट आमच्यासारखं का, असं इथे कोणीतरी मागे विचारलं होतं. डेव्ह नेल्सन मिशिगनमध्ये फ्रिट्झ क्रिस्लरच्या हाताखाली खेळला होता. तो पुढे कोच झाला आणि हेल्मेट घेऊन गेला, आधी मेनला, मग १९५१ मध्ये डेलावेअरला. तिथे त्याने विंग-टी नावाची ऑफेन्सची मांडणी बसवली. या धाग्याचं सगळं मूळ खरं तर त्यात आहे. तीन बॅक एकमेकांना छेदून जातात, क्वार्टरबॅक पाठ करून वळतो, आणि बक स्वीप (कडेचा रन), ट्रॅप, काउंटर, वॅगल (स्वीप दाखवून पास) असे चार खेळ पहिल्या सेकंदाला हुबेहूब सारखे दिसतात. नेल्सननंतर टबी रेमंडने १९६६ ते २००१ तेच चालवलं आणि बरोबर ३०० सामने जिंकले.

मक्याचं_रान

हे आलं ते बरं झालं. विंग-टीवाल्यांची गोष्ट मला आवडते ती ही की त्यांच्याकडे 'चकव्याचा रन' नावाचा वेगळा कप्पाच नाही. समोरचा सेफ्टी स्वीपकडे जास्त धावतोय? वॅगल घे. टॅकल घुसतोय? ट्रॅप घे. एक खेळ दुसऱ्याचा तक्रारअर्ज असतो. हल्ली टीव्हीवर जो येतो तो बहुतेक वेळा सुटा रिव्हर्स, कोचला कंटाळा आला म्हणून दिलेला. आधीच्या तीन सिरीजमध्ये त्या दिशेने एकही खरा रन नाही, तर समोरच्याने का म्हणून घाबरावं?

बंड्या_बोस्टन

सुट्या खेळाला नावं ठेवू नका. १ जानेवारी २००७, फिएस्टा बोल, बॉयसी स्टेट विरुद्ध ओक्लाहोमा. जादा वेळ, बॉयसीने टचडाउन केला, एका गुणाने मागे. बॉयसीचा कोच क्रिस पीटरसनने किक मारून बरोबरी घ्यायची सोडून दोन गुणांचा डाव लावला. क्वार्टरबॅक झब्रान्स्की उजवीकडे पास द्यायचा आव आणतो, सगळा ओक्लाहोमा त्या हाताकडे बघतो, आणि चेंडू त्याच्या दुसऱ्या हातात, पाठीमागे. इयन जॉन्सन तो घेऊन डावीकडे चालत गेल्यासारखा आत. ४३–४२. स्टॅच्यू ऑफ लिबर्टी, आजोबांच्या काळातला खेळ. त्यानंतर जॉन्सनने तिथेच चीअरलीडर असलेल्या मैत्रिणीला लग्नाची मागणी घातली, हेही नोंदीसाठी.

रिकामटेकडा_७

एकदाच वापरायचा खेळ आहे तो. दुसऱ्या आठवड्यात फिल्मवर आला की मेला.

आणि सुट्या खेळांचा बाप नेब्रास्काकडेच आहे. मका तो सांगणार नाही कारण तो सामना ते हरले. २ जानेवारी १९८४, ऑरेंज बोल, पुन्हा मायामी. १७–० ने मागे असताना क्वार्टरबॅक टर्नर गिलने स्नॅप घेतला आणि चेंडू मुद्दाम जमिनीवर ठेवून दिला. सगळे बॅक एका बाजूला पळाले, त्यांच्यामागे मायामी. आणि डीन स्टाइनकुलर, गार्ड, चक्क गार्ड, त्याने चेंडू उचलला आणि दुसऱ्या बाजूने १९ यार्ड धावत टचडाउन केला. ज्याच्याकडे बघून सगळे पळतात त्याच्याच हातात चेंडू! फंबलरुस्की. पुढे १९९२ च्या मोसमानंतर त्यावर बंदी आली. सामना ३१–३० हरले, कारण शेवटी बरोबरीऐवजी ऑस्बर्न दोन गुणांना गेला.

मक्याचं_रान

सांगणार होतो, पण ते दोन गुण आठवले की जेवण जात नाही.

वाचनमात्र

१९०३ मध्ये कार्लाइलच्या आदिवासी शाळेच्या संघाने हार्वर्डविरुद्ध चेंडू चार्ली डिलनच्या जर्सीत पाठीमागे खुपसला होता. कोच पॉप वॉर्नरची करामत. जर्सीला खाली इलॅस्टिक शिवून घेतलं होतं. सगळ्यांनी टोप्या पोटाशी धरून चेंडू असल्याचं नाटक केलं आणि डिलन दोन्ही हात मोकळे हलवत पळाला. टचडाउन झाला. सामना हार्वर्डनेच १२–११ जिंकला.

(मी फक्त वाचतो, पण हे राहवलं नाही.)

अनघा_के

म्हणजे ज्यांनी भारी हुली दिल्या ते बहुतेक हरले? तुमची बाजू लंगडी पडतेय मका.

रिकामटेकडा_७

अनघाताई, तुम्हाला खेळ कळायला लागला.

डेटनचा_दादा

बचावाची बाजू कोणीतरी मांडायला हवी, नाहीतर ते बिचारे नुसते धावत सुटलेत असं वाटेल.

काउंटरवरचा पहिला उतारा असा. शेवटचा माणूस पूर्वी बाहेरच्या खांद्याने उभा राहून येणाऱ्या गार्डला अडवायचा, गार्ड त्याला बाहेर ढकलायचा, मध्ये भोक. आता त्याला शिकवतात की गार्ड आडवा येताना दिसला की उलट आत घुस, त्याच्या आतल्या बाजूला स्वतःला झोकून दे. दोघांचा ढीग होतो, भोक बुजतं, मागचा टॅकल त्या ढिगावर अडखळतो. बॅकला बाहेर वळावं लागतं आणि बाहेर सेफ्टी आयता उभा. म्हणजे बचाव वेग तसाच ठेवतो, फक्त चुकायची जागा स्वतः ठरवतो.

यावर ऑफेन्सचं उत्तर: गार्डने तो माणूस आत घुसतोय हे बघितलं की त्याला बाहेर ढकलायचा नाद सोडायचा, तो जातोय तिकडेच आतल्या बाजूला कोंडायचा, आणि टॅकल-बॅकने बाहेरून वळसा घ्यायचा. हा निर्णय गार्डने पळता पळता घ्यायचा. एकशे चाळीस किलोच्या माणसाने. आमच्या पोरांना हे शिकवायचं म्हणजे...

दुसरा उतारा साधा आहे. चेंडूच्या उलट बाजूच्या माणसाला सांगायचं, तू हलायचंच नाही. बॅक तुझ्यापासून लांब गेला तरी आधी चेंडू कोणाकडे आहे बघ, मग निघ. कोच हे दर सोमवारी सांगतात. पण अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला सत्तर-ऐंशी हजार लोक ओरडत असताना जागेवर उभं राहायला सांगणं, आणि त्याच तोंडाने आठवडाभर "तुटून पडा" सांगणं, हे दोन्ही एकत्र होत नाही. इथेच पहिल्या मुद्द्यात दम आहे.

बंड्या_बोस्टन

मग एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, हे कमी का दिसतं? तिथेही आक्रमक बचाव आहेतच की.

मक्याचं_रान

काउंटर, ट्रॅप तिथेही आहेत. पण कॉलेजमध्ये दोन गोष्टी हुलीच्या बाजूने आहेत.

एक, हॅशमार्क, म्हणजे मैदानावरच्या खुणांच्या दोन उभ्या ओळी; प्रत्येक डाव त्यांच्यावरून किंवा त्यांच्या मधून सुरू होतो. कॉलेजच्या मैदानात दोन हॅशमधलं अंतर ४० फूट, एनएफएलमध्ये साडेअठरा. म्हणजे कॉलेजमध्ये चेंडू एका हॅशवर असला की एका बाजूला मोकळं रान आणि दुसरीकडे चिंचोळी पट्टी. बचावाला रानाच्या बाजूला जास्त माणसं ठेवावी लागतात, नाहीतर तिकडून गळा कापला जातो. मग रानाकडे धावल्याचा देखावा करायचा आणि चिंचोळ्या बाजूला परतायचं. चेंडू मधोमध असताना हा फायदा फारसा उरत नाही.

दोन, सरावाची वेळ. मोसमात आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे, त्यात वजनं, मीटिंगा सगळं आलं. एका आठवड्यात वेगळ्याच जातीचा ऑफेन्स समोर आला की वाचायचे सगळे नियम बदलायचे आणि ते चार दिवसांत पोरांच्या अंगात उतरवायचे. पॉल जॉन्सनने आधी नेव्हीत आणि मग जॉर्जिया टेकमध्ये वर्षानुवर्षं यावर संसार केला. त्याचा फ्लेक्सबोन (ऑप्शनवर उभा असलेला ऑफेन्स) दरवर्षी त्याच मोजक्या खेळांचा असायचा, समोरच्यांना ते पाठ असायचे, आणि तरीही तो तीनशे-साडेतीनशे यार्ड धावून घरी जायचा. कारण पाठ असणं वेगळं आणि शनिवारी दुपारी पाय त्याप्रमाणे हलणं वेगळं.

एनएफएलमध्ये लाइनबॅकरचा पूर्णवेळ धंदाच हा आहे. शिवाय तिथे क्वार्टरबॅकच्या पायांवर एवढे डॉलर लागलेले असतात की दर आठवड्याला बॅश लावणारा कोच मालकाला परवडत नाही.

सौदामिनी

एक शंका. चेंडू नसलेले लोक किती मनापासून पळतात? खो-खोत तर हूल देणारीलाच पळायचं असतं. इथे हूल देतो एक आणि पळतो दुसरा.

डेटनचा_दादा

ताई, सगळं गाडं तिथेच अडतं. चेंडू नसलेला बॅक दोन्ही हात पोटावर दाबून, खांदे झाकून, पंधरा यार्ड पळाला पाहिजे, मार खाल्लाच पाहिजे. त्याने मार खाल्ला म्हणजे एक लाइनबॅकर कमी झाला, म्हणजे तो ब्लॉकच. पण दोन पावलांवर हात सोडून मान वळवून बघणारे नव्वद टक्के. कारण आकडेवारीत त्याच्या नावावर काही लागत नाही आणि घरच्यांनी व्हिडिओ घेतलेला असतो तो चेंडूवाल्याचा.

सरावात आम्ही एक करतो. बचावाच्या पोरांना सांगतो की चेंडू कोणाकडे होता ते खेळ संपल्यावर ओरडून सांगा. चुकीचं नाव आलं की ज्याचं नाव आलं त्याला पाणी आधी. तेवढ्या पाण्यासाठी काय अभिनय करतात, विचारू नका.

रिकामटेकडा_७

हे मात्र आवडलं. बाकी माझं मत तेच आहे, १९९५ ला मायामी दमली होती.

मक्याचं_रान

आणि दमलेली असताना कुठे धावत होती?

रिकामटेकडा_७

वकीलसाहेब, पुरे.

अनघा_के

शनिवारी मी चेंडू सोडून फक्त गार्ड बघत बसले. नवरा हसत होता. तिसऱ्या डाउनला (चार प्रयत्नांतल्या तिसऱ्याला) नऊ यार्ड हवे असताना दोन्ही गार्ड आधी उभे राहिले, मागे सरकले, समोरचे चौघेही कडेने आत धावले, आणि मग बॅक मधून चौदा यार्ड गेला. मी ओरडले, ट्रॅप! तर नवरा म्हणाला नाही. पण का नाही ते त्याला सांगता येईना.

डेटनचा_दादा

ड्रॉ होता. लाइनमन उभे राहून मागे सरकले म्हणजे त्यांनी पास दाखवला, आणि समोरच्यांना आपणहून कडेने जाऊ दिलं. ट्रॅपमध्ये कोणी पास दाखवत नाही. सगळे खाली वाकूनच निघतात आणि एक गार्ड आडवा पळताना दिसतो. तो दिसला नसेल तर ट्रॅप नाही. कारण दोन्हीकडे एकच, घुसायची घाई. आणि तिसऱ्या डाउनला नऊ हवे असताना ड्रॉ देणाऱ्या कोचला समोरच्या चौघांची ओळख पटलेली होती. कुठला सामना होता?